स्पेन-पोर्तुगाल मोटरहोमने: पाच आठवडे कसे आखावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं एक जोडपं, दोघंही नुकतेच निवृत्त. मार्चच्या मध्यापासून पाच आठवडे मोकळे आहेत. माद्रिदला उतरून मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायचं आणि बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, ग्रनाडा, सेव्हिल, लिस्बन, पोर्तो, सान्तियागो, बिल्बाव करून परत माद्रिदला यायचं, असा बेत. हे जमेल का, रात्री गाडी कुठे लावायची, शाकाहारी खाण्याचं काय, टोल किती लागतो, आणि संडासाची टाकी रिकामी करणं कितपत झेपेल, हे त्यांना विचारायचंय.

जमेल. पण हा मार्ग घेऊ नका.

हा फेरा आतलं भटकणं धरून चार हजार किलोमीटरच्या वर जातो, आणि त्यातली बहुतेक नावं मोठ्या शहरांची आहेत. मोटरहोमचा सगळ्यात कमी उपयोग मोठ्या शहरात होतो. जुन्या शहरांच्या गल्ल्या अरुंद, भूमिगत पार्किंगची उंची जेमतेम दोन मीटर आणि तुमची गाडी पावणेतीन-तीन मीटर उंच. शिवाय माद्रिद, बार्सिलोना, लिस्बन अशा शहरांत प्रदूषण नियंत्रणासाठी वाहनबंदीचे पट्टे आहेत. ज्यांना मुख्यतः शहरं बघायचीत त्यांनी रेल्वेने फिरावं, तेच स्वस्त आणि सुखाचं. मोटरहोम घ्यायचं ते दोन शहरांच्या मधल्या मुलखासाठी. लिस्बनजवळ राहून मी बरीच वर्षं हेच रस्ते तुडवते आहे, आणि या मुलखात थांबायला वेळ ठेवा एवढाच माझा आग्रह आहे.

म्हणून बार्सिलोना पूर्ण वगळा, किंवा सहलीच्या आधी दोन-तीन दिवस वेगळे काढून माद्रिदहून वेगवान रेल्वेने जाऊन या. अडीच तासांच्या आसपास लागतात. रस्त्याने तेच अंतर सहाशेवीस किलोमीटर आहे. व्हॅलेन्सिया आणि बिल्बावही या खेपेला सोडा. उरतो तो पश्चिमेचा पट्टा: माद्रिदहून नैऋत्येला एक्स्त्रेमादुरा, तिथून सेव्हिल, मग पोर्तुगालचा दक्षिण किनारा अल्गार्व, तिथून वर आलेन्तेझो, लिस्बन, पोर्तो, डोरो नदीचं खोरं आणि सालामान्का-सेगोवियावरून परत माद्रिद. साधारण अडीच हजार किलोमीटर. गाडी शंभर किलोमीटरला दहा लिटरच्या आसपास डिझेल पिते, म्हणजे अडीचशे लिटर धरा. डिझेल पोर्तुगालपेक्षा स्पेनमध्ये स्वस्त असतं, त्यामुळे सीमा ओलांडण्याआधी टाकी भरून घ्यायची.

दिशा अशीच ठेवा, उलटी नको. मार्चमध्ये उत्तर पोर्तुगाल आणि त्याच्या वरच्या स्पेनच्या गालिसिया भागात पावसाची झड असते, आणि माद्रिदच्या उत्तरेचं पठार उंच आहे. सालामान्का आठशे मीटरवर, आविला अकराशेच्या वर. तिथे मार्चमधल्या रात्री पारा सहज शून्याखाली जातो. अनेक गाड्यांत बॉयलरला एक झडप असते, ती तीन अंशांच्या आसपास आपोआप उघडते आणि पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून बॉयलर रिकामा करून टाकते. सकाळी उठावं तर गाडीखाली ओल आणि नळाला पाणी नाही! नव्या माणसाला वाटतं गाडी बिघडली. बिघडलेलं काही नसतं, रात्री हीटर बारीक चालू ठेवायचा एवढंच. पण मुळात दक्षिणेकडून सुरुवात केली तर ही वेळच येत नाही. तुम्ही उत्तरेला पोहोचाल तोवर एप्रिल उजाडलेला असेल.

आधी कागदपत्रं. व्हिसा ज्या देशात जास्त दिवस काढणार त्या देशाचा मागायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाचा. मोटरहोम भाड्याचा करार आणि सुरुवातीच्या काही कॅम्पसाइटची आरक्षणं अर्जाला जोडा, कारण ‘राहणार कुठे’ याचं उत्तर त्यांना कागदावर लागतं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधी आरटीओकडून काढा, परदेशात गेल्यावर तो मिळत नाही. इथे एक बाब नीट समजून घ्या. भारतात हलक्या वाहनाची मर्यादा साडेसात टनांपर्यंत जाते, पण आंतरराष्ट्रीय परवान्यावरचा ‘बी’ वर्ग ३,५०० किलोपर्यंतचाच. त्यामुळे गाडी साडेतीन टनांच्या आतलीच घ्या. भाड्याच्या बहुतेक गाड्या तशाच असतात. मात्र ही मर्यादा भरलेल्या गाडीची आहे. शंभर लिटर पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, त्यावर तुम्ही दोघं, सामान, किराणा. रस्त्यात वजन तपासून दंड होऊ शकतो.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. दोघांसाठी सहा मीटर लांबीची, व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी पुरे. सात मीटरची आतून ऐसपैस वाटते, पण तिचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो आणि वळताना बाहेरच्या बाजूला फेकला जातो. डाव्या बाजूने गाडी चालवायची सवय असलेल्या माणसाला उजव्या बाजूची सवय करतानाच मागच्या टोकाचीही काळजी वाहायची, हे पहिल्या खेपेला नको. गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, काच आणि शक्य असेल तर छताचे कोपरे यांचा व्हिडिओ काढा. छत, गाडीचा खालचा भाग आणि टायर हे बरेचदा विम्यातून वगळलेले असतात, आणि नेमके छताचेच कोपरे झाडाच्या फांद्यांना आणि गावातल्या गॅलऱ्यांना घासतात. फोनमधला नेहमीचा नकाशा गाडीची उंची-रुंदी विचारात घेत नाही. कॅरॅव्हॅन किंवा ट्रकची मापं टाकता येतील असं ॲप घ्या.

आता झोपायचा प्रश्न, कारण दंड इथेच होतात. दोन देशांचे नियम वेगळे आहेत.

स्पेनमध्ये वाहतूक विभाग ‘गाडी उभी करणं’ आणि ‘तळ ठोकणं’ यांत फरक करतो. जिथे कोणत्याही वाहनाला थांबायची परवानगी आहे तिथे मोटरहोम नीट उभं केलं, आणि त्याने स्वतःच्या आकाराबाहेर काहीही पसरलं नाही, तर आत तुम्ही जेवताय की झोपलाय याच्याशी वाहतुकीच्या नियमांना देणंघेणं नाही. पण छत्रीसारखा कापडी मांडव उघडला, खुर्च्या बाहेर मांडल्या, गाडी स्थिर करायचे पाय जमिनीला टेकवले, सांडपाणी सोडलं, की तो तळ झाला. तळ ठोकायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. समुद्रकिनाऱ्याच्या पट्ट्यात आणि अभयारण्यांत बंदी अधिक कडक आहे. काही नगरपालिकांचे स्वतःचे नियम असतात, म्हणून पाटी वाचायची.

पोर्तुगालमध्ये २०२१ साली कायदा दोनदा बदलला. सध्याचा नियम असा की संरक्षित निसर्गक्षेत्रं आणि किनारपट्टीच्या नियोजनात येणारा भाग सोडून इतरत्र एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत रात्री गाडीत राहता येतं, अर्थात स्थानिक बंदी नसेल तर. आता नकाशा उघडा. अल्गार्वच्या पश्चिम टोकाच्या साग्रेसपासून उत्तरेला जाणारा जो देखणा पश्चिम किनारा, तो जवळजवळ सगळा निसर्ग उद्यानात येतो. म्हणजे लोकांना जिथे कड्यावर गाडी लावून सूर्यास्त बघत झोपायचं असतं, नेमकी तिथेच मनाई. पार्कफॉरनाइटसारख्या ॲपवर त्या जागांच्या खुणा अजून दिसतात, खाली ‘रात्र शांत गेली’ असे अभिप्रायही असतात. त्यावर विसंबू नका. पोलीस रात्री किंवा पहाटे दार वाजवतात, आणि संरक्षित भागातला दंड दुप्पट असतो. शिवाय तो किनारा खरोखर नाजूक आहे. मूळ पायवाटा सोडून वर्षानुवर्षं गाड्या घुसवल्याने तिथल्या वाळूच्या टेकड्यांवरची झुडपं मेली आहेत. दिवसा थांबा, डोळे भरून बघा, संध्याकाळी चार किलोमीटर आत येऊन अधिकृत तळावर झोपा.

असे तळ भरपूर आहेत. स्पेनमध्ये ‘आरेआ दे आउतोकाराव्हानास’ नावाची मोटरहोमसाठीची वाहनतळं गावोगाव आहेत. काही फुकट, काहींचे रात्रीचे दहा-पंधरा युरो. पाणी भरणं आणि सांडपाणी सोडणं याची सोय तिथे असते. एक्स्त्रेमादुरात तर लहान गावांनी अशा जागा हौसेने बांधल्यात. त्या गावातल्या बेकरीत पाव घ्या, चौकात कॉफी प्या. गावाला त्यासाठीच तुम्ही हवे असता. दर तीन-चार रात्रींनी मात्र कॅम्पसाइट घ्या: कपडे धुवायला, भरपूर गरम पाण्याने अंघोळीला, आणि गाडी ठेवून शहर बघायला. माद्रिदसाठी आरान्हुएसचं कॅम्पसाइट घ्या. तिथून लोकल थेट माद्रिदला जाते, आणि गावात राजवाड्याच्या बागा आहेत. पहिल्या दोन रात्री तिथेच काढून गाडीची सवय करून घ्या. लिस्बनला मोन्सान्तोच्या जंगलातलं कॅम्पसाइट, तिथून बस. पोर्तोला नदीपलीकडे गाया नावाचं शहर आहे, त्याच्या समुद्राकडच्या बाजूला मुक्काम करा.

महामार्गावरच्या विश्रांतीथांब्यावर रात्री झोपू नका, विशेषतः भूमध्य किनाऱ्याच्या रस्त्यांवर. तिथे चोऱ्या होतात. ‘तुमच्या टायरमधून हवा जातेय’ असं हातवारे करून सांगत कोणी थांबवू पाहिलं तर थांबायचं नाही, पुढच्या पेट्रोल पंपावर जाऊनच बघायचं. आमच्या पश्चिमेच्या पट्ट्यात हा त्रास कमी आहे, पण सवय लावून घ्यावी.

संडासाचं सविस्तर सांगते, कारण लाजून कोणी विचारत नाही आणि मग पहिल्या आठवड्यात वैतागतात. गाडीबाहेरच्या एका छोट्या दारातून सुटकेससारखी एक पेटी ओढून काढायची असते. तिच्यात अठरा-वीस लिटर मावतं. युरोपीय जोडप्याला ती तीन दिवस पुरते. आपण पाण्याने धुतो, त्यामुळे ती दीड-दोन दिवसांत भरते. हे गृहीत धरूनच मुक्काम आखा. छोटी फवारणीची बाटली ठेवली तर तांब्याच्या पावपट पाण्यात काम होतं. दिवसा शक्य तिथे कॅफेचा, कॅम्पसाइटचा संडास वापरा. पेटी रिकामी करायला ठरलेली जागा असते, तिथेच करायची. हातात रबरी मोजे, पेटीचं लांब तोंड खाली आणि हवेचं बटण दाबून धरायचं, म्हणजे उसळून अंगावर येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. मात्र त्या जागेशेजारचा नळ पेटी धुण्यासाठी असतो. लोक पेटीचं तोंड त्याला टेकवतात. त्या नळाचं पाणी पिण्याच्या टाकीत कधीही भरू नका, पाटी असो वा नसो. पिण्याचा नळ वेगळा आणि थोडा लांब असतो, त्यावर ‘पोताब्ले’ असं लिहिलेलं असतं. नळी स्वतःची ठेवा, आणि भरण्याआधी नळ अर्धा मिनिट वाहू द्या.

स्वयंपाकाची काळजी नको. गाडीत दोन-तीन बर्नरची गॅसशेगडी असते, तीन लिटरचा कुकर सोबत न्या. गॅस पेटवल्यावर छताची खिडकी उघडी पाहिजे, आणि गाडी चालू करताना सिलिंडरचा कॉक बंद. मिरचीची फोडणी आत शक्यतो करू नका, तो तिखट वास गाद्यांत मुरतो आणि दिवसेंदिवस जात नाही. कॅम्पसाइटवर वेगळी छोटी शेगडी बाहेर मांडून करा. रस्त्याकडेला उभं असताना मात्र बाहेर शेगडी म्हणजे तळ, हे वर सांगितलंच. कॅम्पसाइटच्या विजेवर किती अँपिअर आहेत ते विचारा. सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. त्यावर दोन हजार वॉटची इलेक्ट्रिक किटली लावली की फ्यूज उडतो आणि रात्री नऊला कार्यालय बंद झालेलं असतं.

भारतातून मसाले, पोहे, मेतकूट, लोणचं खुशाल आणा. तूप, पेढे, खवा आणू नका. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. इथलं बिनमिठाचं लोणी उत्तम असतं, पाव किलो कढवलं की महिन्याचं तूप होतं. स्पेनमध्ये हरभरे, मसूर आणि बेसन सहज मिळतं. पोर्तुगालच्या मंडईत हिरवीगार कोथिंबिरीची जुडी मिळते, कारण आलेन्तेझोच्या स्वयंपाकात ती मुबलक लागते. डाळी, कढीपत्ता वगैरेसाठी लिस्बनला मार्तिम मोनिझ भागातली दुकानं आहेत. बाहेर खाताना ‘मांस नाही’ एवढं सांगून भागत नाही. हॅमचे तुकडे किंवा ट्यूना वरून भुरभुरून येतातच, त्यांना ते मांसात धरावंसं वाटत नाही. पोर्तुगालच्या प्रसिद्ध हिरव्या सूपमध्ये सॉसेजची चकती असते. अंडी चालत असतील तर स्पेनमध्ये बटाट्याचं जाड ऑम्लेट कुठेही मिळेल, आणि पाद्रोनच्या तळून मीठ घातलेल्या छोट्या मिरच्या जरूर खा. रविवारी स्पेनमधली मोठी किराणा दुकानं बहुतेक बंद असतात, पोर्तुगालमध्ये उघडी असतात. पोर्तुगालमधल्या काही सुपरमार्केटबाहेर कपडे धुण्याची मोठी यंत्रं असतात, खरेदी होईपर्यंत कपडे धुऊन होतात.

टोलचं सोपं आहे. स्पेनमध्ये ‘ए’ अक्षराचे महामार्ग मोफत, ‘एपी’चे साधारणपणे टोलचे. आपल्या मार्गावर ए-५, ए-६६, ए-४९ आणि पुढे अल्गार्वचा ए-२२ लागतो. ए-२२चा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झालाय, त्यामुळे माद्रिद ते अल्गार्व टोल न देता जाता येतं. पुढे लिस्बन-पोर्तो ए-१ वर टोलनाके आहेत. पुढच्या चाकापाशी गाडीची उंची १.१० मीटर किंवा जास्त असली की टोलचा दुसरा वर्ग लागतो, म्हणजे मोटरहोमला दुसराच. हिरवी मार्गिका फक्त टोल आपोआप कापणारं यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी, तिच्यात चुकून शिरू नका.

गोल चौकाचे नियमही सीमेवर बदलतात. स्पेनमध्ये बाहेर पडायचं ते बाहेरच्या लेनमधूनच, त्यामुळे बाहेरच्या लेनने पूर्ण फेरी मारली तरी चालते. पोर्तुगालमध्ये पहिल्याच फाट्याने बाहेर पडणार नसाल तर बाहेरच्या लेनमध्ये राहायचं नाही.

मार्गात मी कुठे जास्त दिवस देईन? एक्स्त्रेमादुरात नक्की. मोन्फ्राग्वे राष्ट्रीय उद्यानात ताहो नदीवर ‘साल्तो देल हितानो’ नावाची जागा आहे. समोरच्या उभ्या कातळावर गिधाडांची वसाहत. सकाळी ऊन तापू लागलं की ती एकेक करून हवेत उठतात आणि थेट डोक्यावरून, पंखांचा आवाज ऐकू येईल इतक्या खालून जातात. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने भारतातली गिधाडं जवळजवळ संपली, २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली, तरी रायगडासारख्या थोड्याफार जागा सोडल्या तर आपल्याकडे ती दिसणं कठीण झालंय. गावच्या माळावर गिधाडं बसलेली पाहिलेल्या आपल्या पिढीने तिथे एक पूर्ण सकाळ द्यावी. त्याच भागात मेरिदाचं रोमन नाट्यगृह, आणि गावाबाहेर रोमनांनी बांधलेला प्रोसेर्पिनाचा तलाव.

ग्रनाडा जोडायचं असेल तर सेव्हिलहून अडीचशे किलोमीटर जाऊन परत यावं लागतं. आल्हाम्ब्राचं तिकीट तारखेचं, नावाचं आणि आतल्या महालांसाठी ठरल्या वेळेचं असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. ते आधी मिळालं तरच जा. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात सेव्हिल टाळा. मिरवणुकांनी रस्ते बंद असतात. तेवढे दिवस पोर्तुगालच्या खेड्यात काढावेत.

आलेन्तेझोला घाई करू नका. तिथे बुचाच्या ओकची झाडं मैलोन्‌मैल आहेत. दर नऊ वर्षांनी साल काढतात. सोललेला बुंधा लालसर तांबूस दिसतो आणि त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा असतो, सोललेल्या वर्षाचा शेवटचा अंक. ३ दिसला की समजावं, २०२३ ला सोललंय, आता २०३२ ला. किनाऱ्यावर काबो सार्दाओला पांढरे करकोचे समुद्रातल्या सुळक्यांवर घरटी करतात, खाली लाटा फुटत असतात. मार्च-एप्रिल हीच त्यांची वेळ.

डोरोच्या खोऱ्यात रेग्वा ते पिन्याव हा नदीकाठचा रस्ता मोटरहोमला सोयीचा आहे. वर चढणारे द्राक्षमळ्यांतले रस्ते मात्र नाहीत. खोऱ्यात आणखी आत जायचं तर गाडी खाली लावा आणि नदीकाठची रेल्वे घ्या.

शेवटची रात्र गाडी परत करायच्या ठिकाणापासून तासाभराच्या आत काढा. सेगोविया त्यासाठी बरं पडतं. संडासाची पेटी आणि सांडपाण्याची टाकी तिथेच रिकामी करा, सकाळी डिझेल भरून पावती जपा. पेटी भरलेली परत दिली तर स्वच्छतेचा वेगळा आकार लावतात. व्हिसाची भेटीची वेळ आजच शोधायला लागा, वसंत ऋतूतल्या प्रवासासाठी त्या लवकर भरतात.